एक पाऊल उरुग्वेत, एक ब्राझीलमध्ये: रिवेरा–लिव्रामेंतोत माणसं कशी भेटावीत

उरुग्वेतलं रिवेरा आणि ब्राझीलमधलं सांताना दो लिव्रामेंतो ही कागदावर दोन शहरं आहेत. मध्ये नदी नाही, पूल नाही, कुंपण नाही. काही ठिकाणी रस्त्याची एक कड एका देशात आणि समोरची कड दुसऱ्या देशात. रिवेराची मुख्य बाजारपेठ म्हणजे सारांदी रस्ता. त्यावरून सरळ चालत गेलं की तोच पुढे लिव्रामेंतोचा रुआ दोस आंद्रादास होतो. सीमेवरचं पार्क दोन्ही देशांच्या सामाईक मालकीचं आहे. ते १९४३ साली खुलं झालं, आत ओबेलिस्क, म्हणजे उंच स्मारकस्तंभ आहे आणि दोन्ही झेंडे. गावकरी या सीमेला नुसतं 'रेघ' म्हणतात: स्पॅनिशमध्ये 'ला लीनेआ', पोर्तुगीजमध्ये 'आ लिन्या'.

उरुग्वेच्या राजधानीहून, मोंतेविदेओहून, इथे यायला सुमारे ५०० किलोमीटर पडतात, ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रेहूनही जवळपास तेवढेच. दोन्हीकडून बसचे सहा-सात तास. बहुतेक पाहुणे सारांदीवरच्या ड्यूटी-फ्री दुकानांतून पिशव्या भरतात आणि संध्याकाळी परततात. ही माहिती त्यांच्यासाठी नाही. दोन-चार दिवस राहायचं आहे, कुणाच्या घरी जायचं आहे, शाळेत किंवा विद्यापीठात कुणाला भेटायचं आहे, अशांसाठी ती लिहिली आहे.

आधी कागद

रेघ ओलांडताना कुणी अडवत नाही, आणि घोटाळा नेमका त्यामुळेच होतो. समजा, मोंतेविदेओमार्गे आलेल्या माणसाच्या पासपोर्टवर उरुग्वेचा शिक्का आहे. तो पार्कातून चालत लिव्रामेंतोच्या बसस्थानकावर जातो आणि पोर्तो आलेग्रेची बस पकडतो. आता उरुग्वेच्या नोंदीत तो देशाबाहेर गेलेलाच नाही आणि ब्राझीलच्या नोंदीत तो आलेलाच नाही. हे उघड होतं ते वाटेतल्या तपासणीत किंवा थेट विमानतळावर, आणि मग दंड भरा, खुलासे द्या.

म्हणून पुढच्या प्रवासाला निघायच्या आधी दोन शिक्के घ्यायचे. पहिला उरुग्वेतून बाहेर पडल्याचा, दुसरा ब्राझीलच्या 'पोलिसिया फेदेराल'चा, म्हणजे केंद्रीय पोलिसांचा, आत आल्याचा. उलट दिशेने जाताना क्रमही उलटा. दोन्ही देशांच्या खिडक्या रिवेरातल्या सिन्येरिस शॉपिंग या मॉलमध्ये शेजारी शेजारी आहेत. टॅक्सीवाल्याला 'मिग्रासिओनेस' एवढं सांगितलं तरी पुरे. बस आपल्यासाठी तिथे थांबेल हे गृहीत धरू नका, शिक्क्यासाठी वेगळा तासभर ठेवा.

एका देशाचा व्हिसा दुसऱ्या देशात चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर दोन्ही देशांचे नियम निघण्याआधी त्यांच्या दूतावासांकडून पाहून घ्या, आणि व्हिसा घ्यावा लागलाच तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा मागा. नाहीतर समोरच्या फुटपाथवरचं आमंत्रण स्वीकारताना उगाच धाकधूक. गावात फिरतानाही पासपोर्ट खिशात असू द्या.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लशीची. आपले बरेच लोक ती विसरतात. ब्राझील भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे, उरुग्वे नाही. ब्राझीलमधून परतताना लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं. लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते आणि तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा निदान महिनाभर आधी हालचाल करा.

गावकऱ्यांना मात्र यातलं फारसं काही लागत नाही. २००२ च्या करारानुसार सीमेपासून २० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या रहिवाशांना पलीकडे राहण्याची, शिकण्याची आणि काम करण्याची मुभा आहे, त्यासाठी वेगळं ओळखपत्र मिळतं. घर इकडे आणि नोकरी तिकडे हे इथे रोजचंच. दोन्ही देशांची कागदपत्रं बाळगणाऱ्याला 'दोब्ले चापा' म्हणतात, म्हणजे दोन नंबरप्लेटवाला. हा शब्द शिवी नाही, उलट कौतुकानं वापरतात.

कुणाशी कोणती भाषा

'रिवेरात स्पॅनिश, लिव्रामेंतोत पोर्तुगीज' हा नियम कार्यालयापुरता बरोबर आहे. रिवेरातली नगरपालिका, बँक, शाळा, दवाखाना इथे स्पॅनिश. रेघेपलीकडच्या तशाच ठिकाणी पोर्तुगीज. घरात, बाजारात, टॅक्सीत चित्र वेगळं. रिवेराच्या, विशेषतः गावाबाहेरच्या वस्त्यांतल्या, कितीतरी घरांची मायबोली पोर्तुगीजच आहे. तिला लोक 'पोर्तुन्योल' किंवा 'फ्रोंतेरिसो' म्हणतात, भाषाशास्त्रज्ञ 'उरुग्वेची पोर्तुगीज'. लिव्रामेंतोच्या माणसांना स्पॅनिश समजते, पण बोलतात ती कमीच. दोन्ही भाषांत सहज ये-जा करतात ते बहुतेक रिवेराचे.

याचं कारण इतिहासात आहे. लिव्रामेंतोची वस्ती १८२३ ची. उरुग्वेच्या उत्तरेत तेव्हा पोर्तुगीज बोलणारेच जास्त होते, म्हणून त्याला तोंड देणारं स्पॅनिश गाव असावं या हेतूनं उरुग्वेनं १८६२ मध्ये समोर नवं गाव वसवलं; तेच आजचं रिवेरा. १८७७ च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा फक्त स्पॅनिशमध्ये चालू लागल्या. १९७३ ते १९८५ च्या लष्करी राजवटीत तर 'नीट बोला' अशी मोहीमच चालली. २००३ पासून सीमेवर द्विभाषिक प्राथमिक शाळा सुरू झाल्या, आणि २००८ च्या शिक्षण कायद्यानं 'उरुग्वेची पोर्तुगीज' ही मातृभाषांपैकी एक मानली.

म्हणजे आज साठीच्या पुढे असलेल्या आजीबाईंनी घरातल्या भाषेसाठी शाळेत बोलणी खाल्लेली असण्याची शक्यता बरीच. पाहुण्यानं हसत हसत "तुम्ही मिसळ भाषा बोलता ना?" म्हटलं की त्या एकदम ताठ स्पॅनिशवर येतात आणि गप्पा तिथेच संपतात. निपाणी-बेळगावकडच्या मराठीला पुण्यातला पाहुणा हसला की जे होतं, तेच. गावकरी स्वतःच्या बोलीची थट्टा करतील, तो त्यांचा हक्क. आपण त्यात सामील व्हायचं नाही. तिची नक्कलही करायची नाही. दोन भाषांचे शब्द वाटेल तसे जोडले की पोर्तुन्योल होते हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. तिला तिचे नियम आहेत आणि चुकलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

प्रत्यक्षात करायचं ते सोपं आहे. ज्या देशाच्या जमिनीवर उभे आहात त्या देशाच्या भाषेत पहिलं वाक्य बोला: "बुएन दिया" किंवा "बोम दिया". समोरचा दुसऱ्या भाषेत वळला तर येत असल्यास त्याच्या मागे जा. नसेल येत तर आपलीच भाषा सावकाश चालू ठेवा. तुम्ही एकीत आणि तो दुसरीत असं तासभर चाललं तरी इथे कुणाला विचित्र वाटत नाही. त्यानं भाषा बदलली म्हणजे आपलं बोलणं त्याला कळलं नाही असं समजू नका, बहुतेकदा तो आपली सोय बघत असतो. एकच भाषा शिकून जायची असेल तर आमचा कौल पोर्तुगीजला. कार्यालयीन कामं मोडक्या स्पॅनिशमध्येही निभावतात, घरातल्या गप्पांत मात्र पोर्तुगीज उपयोगी पडते.

मराठी माणसाला पोर्तुगीज अगदी परकी नाही. चावी, पाव, साबण, बादली, काजू हे शब्द गोव्याच्या वाटेनं तिकडूनच आले. दोन ठिकाणी जपा. 'कोउव्ही' मागितली तर आपला गड्डा कोबी मिळत नाही, हिरवी सुटी पानं मिळतात. गड्ड्याला 'हेपोल्यु' म्हणतात. आणि 'बताता' लिव्रामेंतोत बटाटाच, पण रिवेरात बटाटा म्हणजे 'पापा'. उच्चारात एक सवलत आहे: टीव्हीवरच्या ब्राझिलियन पोर्तुगीजमध्ये दुधाला 'लेइची' म्हणतात, या भागात जुनी माणसं सरळ 'लेइते' म्हणतात. तरुण मंडळी टीव्हीसारखं बोलू लागली आहेत, तेव्हा दोन्ही कानावर पडेल.

सारखे दिसणारे शब्द दगा देतात. जेवणानंतर रिवेरात 'एस्किसितो' म्हटलं तर 'फारच चविष्ट'. लिव्रामेंतोत 'एस्कीसितु' म्हणजे 'विचित्र'. तिथे 'देलिसियोजु' म्हणावं. वेटरला द्यायची टीप स्पॅनिशमध्ये 'प्रोपिना', आणि हाच शब्द पोर्तुगीजमध्ये लाच. हॉटेलात कुणी मनावर घेणार नाही, पण सरकारी खिडकीवर तो तोंडातून निघू नये. पोर्तुगीजमध्ये टीपेला 'गोर्जेता' म्हणतात. अर्जावर स्पॅनिश 'आपेयीदो' म्हणजे आडनाव. पोर्तुगीज 'आपेलिदु' म्हणजे टोपणनाव, आडनाव तिथे 'सोब्रेनोमी'. 'ओफिसिना' एकीकडे कचेरी, दुसरीकडे गाड्या दुरुस्त करायची जागा. पत्ता विचारताना हा शब्द हमखास चुकवतो.

हाक मारताना आडनाव लागत नाही. वयानं मोठ्या माणसाला रिवेरात 'दोन' किंवा 'दोन्या' आणि पुढे पहिलं नाव. लिव्रामेंतोत 'सेउ' किंवा 'दोना' आणि पहिलं नाव. आपल्या राव-ताईसारखंच. त्याबरोबर स्पॅनिशमध्ये 'उस्तेद', पोर्तुगीजमध्ये 'उ सेन्योर' किंवा 'आ सेन्योरा'. एकेरीवर यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. आभार मानताना पोर्तुगीजमध्ये पुरुषानं 'ओब्रिगादु' आणि बाईनं 'ओब्रिगादा' म्हणायचं. समोर कोण आहे यावर ते बदलत नाही.

वेळ ठरवताना

दोन्हीकडचं घड्याळ एकच, भारताच्या साडेआठ तास मागे. वाराचा मात्र गोंधळ होतो. पोर्तुगीजमध्ये वार मोजतात, तेही रविवारपासून: 'सेगुंदा' म्हणजे दुसरा, म्हणजे सोमवार, 'क्वार्ता' म्हणजे चौथा, म्हणजे बुधवार. आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरून बोटं मोजणारा एक दिवस उशिरा पोचतो. स्पॅनिश 'मान्याना' म्हणजे उद्या आणि सकाळही. पोर्तुगीज 'मान्या' म्हणजे फक्त सकाळ, उद्याला 'आमान्या'. तेव्हा तारीख आकड्यात लिहून पाठवा, आणि कोणत्या बाजूला भेटायचं तेही लिहा. पहिली भेट पार्कातल्या ओबेलिस्कपाशी ठेवावी, ती जागा सगळ्यांना माहीत असते.

शनिवार-रविवारी आणि ब्राझीलच्या सुट्ट्यांना सारांदीवर खरेदीवाल्यांची झुंबड असते, त्या दिवशी दुकानदाराशी गप्पांची अपेक्षा नको. दुपारी बाराच्या पुढे दीड-दोन तास बरीच छोटी दुकानं बंद होतात, जेवण आणि डुलकी. सुट्ट्याही वेगवेगळ्या: उरुग्वेच्या १८ जुलै आणि २५ ऑगस्ट; ब्राझीलची ७ सप्टेंबर, शिवाय रिओ ग्रांदे दो सुल राज्याची २० सप्टेंबर.

घरी जाताना

फाटकाला बेल असेलच असं नाही, आणि असली तरी जुनी पद्धत टाळी वाजवण्याची आहे. फाटकाबाहेर उभं राहून तीन-चार खणखणीत टाळ्या वाजवायच्या, थांबायचं, पुन्हा वाजवायच्या. फाटक ढकलून अंगणात शिरू नका. आमंत्रण असलं तरी नाही, कुत्रा दिसत नसला तरी मुळीच नाही. कुणी बाहेर आलं, आत या म्हणालं, की उंबऱ्यावर पुन्हा एकदा 'पेर्मिसो' किंवा पोर्तुगीजमध्ये 'कों लिसेंसा' म्हणून आत जायचं. चपला-बूट काढायची आपली सवय इथे आवरावी. सगळे बूट घालून बसलेले असतात, आणि मोज्यांवर उभा राहिलेला पाहुणा बघून घरचेच अवघडतात.

भेटताना उजवा गाल गालाला लावून एक चुंबन, खरं म्हणजे नुसता आवाज. उरुग्वेत ओळखीचे पुरुषही एकमेकांना असंच भेटतात, अनोळखी पुरुष पहिल्यांदा हात मिळवतात. खोलीत बारा जण असतील तर बाराही जणांना वेगवेगळं भेटायचं, येताना आणि जातानाही. दारातून सगळ्यांना मिळून हात हलवणं उद्धटपणा ठरतो. कुणाला हे नको वाटत असेल तर येतायेताच हसून नमस्कार करावा आणि भारतात असं करतात म्हणून सांगावं. ते सगळ्यांना आवडतं. पण मग शेवटपर्यंत नमस्कारच, निम्म्यांना नमस्कार आणि निम्म्यांना गाल असं नको.

हातात काही न्यायचं तर अर्धा किलो 'बिस्कोचो' पुरेत. हे रिवेराच्या बेकरीतले छोटे गोड-खारे पाव. शाकाहारी माणसानं त्यांतले विचारून खावेत, काही गाईच्या चरबीत करतात. पावसाळी दिवशी तळतात त्या 'तोर्ता फ्रिता' तर बहुधा चरबीतल्याच. त्या दिसतात अगदी आपल्या पुरीच्या थोरल्या बहिणीसारख्या.

मातेची वाटी

'माते' हे पेय आलं की भेट खरी सुरू झाली. लिव्रामेंतोत त्याला 'शिमारांव' म्हणतात. भोपळ्याच्या सुक्या वाटीत येर्बा या झाडाच्या सुक्या पानांची पूड, तीत गाळणी असलेली धातूची नळी, वरून गरम पाणी. रिवेराची वाटी लहान आणि पूड मुरवलेली, कडू. लिव्रामेंतोची वाटी मोठी आणि पूड ताजी, हिरवीगार. पाणी उकळतं नसतं, ७० ते ८० अंशांच्या आसपास असतं. उकळतं ओतलं की पूड जळते आणि दोन फेऱ्यांत चव जाते.

एक जण ओततो, त्यालाच ओतायचं काम. पहिली वाटी तो स्वतः पितो, कारण ती सर्वांत कडू असते आणि नळीतून पुडीचे कण येतात. पहिली वाटी आपल्याला आली नाही म्हणून मानापमान नको. मग तो ती पुन्हा भरून, नळी आपल्याकडे वळवून देतो. वाटी घ्यायची, चार-सहा घोटांत संपवायची, तळाशी सुर्र आवाज येईपर्यंत. तो आवाज इथे असभ्य नाही, वाटी संपल्याची ती खूण आहे. मग वाटी ओतणाऱ्यालाच परत द्यायची, शेजाऱ्याला नाही.

चुका ठरलेल्या. नळी चमच्यासारखी ढवळली की पूड गाळणीत शिरते, नळी तुंबते आणि यजमानाला सगळं नव्यानं लावावं लागतं. नळीचं तोंड रुमालानं पुसलं की अपमान. वाटी हातात धरून गोष्टी सांगत बसलं की 'हा मायक्रोफोन नाही' असा टोमणा येतो. सगळ्यांत मोठी चूक आपल्या चांगुलपणाची: वाटी परत देताना 'ग्रासियास' किंवा 'ओब्रिगादु' म्हणणं. त्याचा अर्थ 'आता मला पुरे'. पहिल्याच वाटीला आभार मानणाऱ्याकडे ती परत फिरकत नाही, आणि पाहुणा तासभर वाट बघत बसतो. आभार शेवटच्या वाटीला. उष्टं चालत नसेल किंवा सर्दी असेल तर सुरुवातीलाच नम्रपणे नको म्हणा. हल्ली स्वतःची वाटी वेगळी ठेवणारेही आहेत, कुणी वाईट मानत नाही.

जेवण

रात्रीचं आमंत्रण नऊचं असेल तर ताटं साडेदहाला. निखाऱ्यावरच्या मांसाला दीड-दोन तास लागतात, आणि आमंत्रण खरं त्या दोन तासांचंच असतं. जाण्याआधी थोडं खाऊन जा. 'कार्ने' या शब्दाचा इथला अर्थ मुख्यतः गोमांस. नुसतं 'मांस खात नाही' म्हटलं तर कोंबडी किंवा हॅम घातलेलं सॅलड समोर येतं. पूर्ण यादी सांगा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी हामोन, नी पेस्कादो". पोर्तुगीजमध्ये "नांव कोमु कार्नी, नें फ्रांगु, नें प्रेझुंतु, नें पेइशी". आणि हे आमंत्रणाच्या दिवशीच कळवा, निखाऱ्यासमोर नाही. निखाऱ्यावर भाजलेलं प्रोव्होलोन चीज मिळतं. रिवेराच्या पिझ्झाच्या दुकानांत 'फायना' मिळते, ती हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेल्या जाड धिरड्यासारखी. मिरपूड भुरभुरून खा. पलीकडे 'पांव जी केइजु', चीजचे छोटे गोळे. काळ्या घेवड्याच्या 'फेइजांव'मध्ये मात्र अनेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

रिवेरातल्या हॉटेलात साधारण १० टक्के टीप आपण ठेवायची. लिव्रामेंतोत ते १० टक्के बहुधा बिलातच लावलेले असतात.

पैसे, फोन, वीज

उरुग्वेचा पेसो आणि ब्राझीलचा रेआल दोन्हीकडे चालतात, ड्यूटी-फ्री दुकानांतल्या किमती डॉलरमध्ये असतात. ही दुकानं परदेशी पाहुण्यांसाठी आहेत, उरुग्वेच्या रहिवाशांना तिथून घेता येत नाही. तेव्हा रिवेराच्या मित्रानं 'तुझ्या पासपोर्टवर एक बाटली घे' म्हटलं तर गोड बोलून टाळा. रेघेजवळ मोबाइल सारखा दुसऱ्या देशाचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल वाढतं. नेटवर्क स्वतः निवडून ठेवा. लिव्रामेंतोचा स्थानिक कोड ५५ आणि ब्राझीलचाही ५५, म्हणून नंबर ५५-५५ असा सुरू होतो. तो छपाईची चूक नाही. वीज दोन्ही गावांत २२० व्होल्टची, पण उरुग्वेत ५० हर्ट्झ आणि ब्राझीलमध्ये ६०, प्लगही वेगळे. तातडीचे नंबर: उरुग्वेत ९११, ब्राझीलमध्ये पोलीस १९०, रुग्णवाहिका १९२. गांजा उरुग्वेत कायदेशीर आहे तो तिथल्या रहिवाशांपुरता, आणि रेघेपलीकडे नेला तर गुन्हा.

कशावर बोलावं

फुटबॉल चालतो, पण लिव्रामेंतोत ग्रेमियो की इंटर, रिवेरात पेन्यारोल की नासिओनाल हे आधी विचारून मग मत द्यावं. हवामान, रेआलचा भाव, यंदा कोणत्या बाजूला तेल-साखर स्वस्त, या विषयांवर कुणीही तासभर बोलतो. भाव उलटला की खरेदीची गर्दी रेघेच्या दुसऱ्या बाजूला सरकते. पिशव्या भरून माल इकडून तिकडे नेणाऱ्यांना 'बागायेरो' म्हणतात. त्यांच्यावर घर चालवणारी कुटुंबं आहेत. त्यांचे फोटो काढू नका आणि 'तस्करी' हा शब्द आपण होऊन काढू नका. 'तुम्ही खरे कुठले?' हा प्रश्नही आवरा. आई एका बाजूची, बाप दुसऱ्या बाजूचा, जन्म एकीकडच्या दवाखान्यात आणि शाळा पलीकडे, असं उत्तर असू शकतं. 'घर रेघेच्या कुठल्या बाजूला?' असं विचारलं की तीच माहिती आपसूक आणि हसत मिळते.

निघायचं म्हटल्यावर लगेच निघता येत नाही. बाराही जणांचा निरोप, मग अंगणात उभ्यानं गप्पा, मग फाटकाशी पुन्हा. रात्रीची बस असेल तर निघायची वेळ अर्धा तास आधीची सांगा, आणि शिक्क्याचं काम त्या दिवशी दुपारीच उरकून ठेवा.